वडिलांसोबत रॉक कॉन्सर्ट: स्टेजसमोर उभे राहावे की खुर्ची घ्यावी?

प्रश्न

माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. कॉलेजच्या दिवसांपासून ज्या बँडची गाणी ते ऐकत आले, त्याचा कार्यक्रम एका मोठ्या बंदिस्त अरीनामध्ये होणार असून आम्ही दोघांनी जायचे ठरवले आहे. त्यांच्या उजव्या कानाला श्रवणयंत्र आहे आणि गुडघे फार वेळ उभे राहू देत नाहीत. तरीही स्टेजसमोरच्या मोकळ्या जागेत उभे राहूनच ऐकायचे, असा त्यांचा आग्रह आहे. "बसूनच ऐकायचे तर घर काय वाईट?" असे ते विचारतात. संगीत त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते. ड्रमचा तुकडा येण्याआधीच ते टेबलाच्या वर दोन बोटे उचलून धरतात आणि ठेका पडतो नेमक्या त्याच क्षणी ती खाली आणतात, त्यामुळे 'वयाचा विचार करा' हे माझे पालुपद त्यांच्यापुढे चालत नाही. तिकिटे अजून काढलेली नाहीत. जागा कोणती घ्यावी आणि श्रवणयंत्र कानात राहू द्यावे की काढावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. त्यांना पटेल असे कारण मिळाले तर फारच बरे.

उत्तर १

मी कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, म्हणून वयाचा मुद्दा बाजूला ठेवून केवळ आवाजाबद्दल लिहितो. स्टेजच्या जितके जवळ तितके चांगले ऐकू येते, हा समज मोठ्या कार्यक्रमांच्या बाबतीत खरा नाही. स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर स्पीकरच्या ज्या वाकलेल्या रांगा टांगलेल्या दिसतात, त्यांना लाइन अ‍ॅरे म्हणतात. त्यातले वरचे स्पीकर लांबच्या प्रेक्षकांकडे आणि खालचे जवळच्यांकडे रोखलेले असतात, आणि आवाज सगळीकडे शक्य तितका सारखा पोचावा असा त्यामागचा हिशेब असतो. अगदी पुढच्या रांगा मात्र या माऱ्याच्या खाली येतात. तिथे स्टेजच्या कडेवरचे छोटे स्पीकर, जमिनीवरचे सबवूफर (खालचे सूर काढणारे मोठे स्पीकर) आणि थेट ड्रम व गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज यांची सरमिसळ ऐकू येते, आणि गायकाचे शब्द त्यात बहुधा बुडतात.

शिवाय अरीना बांधलेला असतो खेळांसाठी. काँक्रीट आणि कठीण पृष्ठभाग यांमुळे आवाज घुमत राहतो, त्यातही खालचे सूर जास्त वेळ रेंगाळतात. साउंड इंजिनिअर जे काही जुळवतो ते स्टेजसमोर प्रेक्षकांमध्येच मांडलेल्या मिक्सिंग डेस्कपाशी (सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या टेबलापाशी) बसून, स्वतःच्या कानांनी ऐकून जुळवतो. साहजिकच डेस्कच्या आसपास, आणि त्याच्या सरळ मागे वर चढत जाणाऱ्या पहिल्या काही रांगांत, त्याला अभिप्रेत असलेला आवाज सर्वांत नेमका मिळतो. स्टेजच्या कडेच्या किंवा मागच्या, तसेच वरच्या मजल्याच्या छज्जाखाली खोलवर असलेल्या खुर्च्या टाळाव्यात.

वडिलांना जुन्या गोष्टी आवडत असतील तर त्यांना न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधल्या १९६५ च्या कार्यक्रमाची आठवण करून द्या. बीटल्स या बँडसमोर ५५ हजारांहून अधिक लोक होते, गाणे स्टेडियमच्या घोषणांसाठी बसवलेल्या कर्ण्यांतून जात होते आणि किंकाळ्यांमुळे वादकांना स्वतःचेच वाजवणे धड ऐकू येत नव्हते. त्या काळी पुढे जाण्यात अर्थ होता.

उत्तर २

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. वरील उत्तराला पुस्ती जोडते.

कानाला होणारी इजा आवाजाची पातळी आणि कालावधी या दोन्हींवर ठरते. अमेरिकेच्या निऑश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालू शकतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जे मानक काढले, त्यातही १५ मिनिटांच्या सरासरीची कमाल मर्यादा १०० डेसिबलच आहे, मात्र त्यासोबत प्रेक्षकांना कानाचे संरक्षण आणि विसाव्यासाठी शांत जागा मिळावी अशीही अपेक्षा आहे. रॉक कार्यक्रम या पातळीला सहज पोचतो आणि दोन तास चालतो. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि तुमच्या वडिलांकडे त्या आधीच कमी शिल्लक आहेत.

म्हणून कार्यक्रम सुरू होण्याआधी श्रवणयंत्र काढून डबीत ठेवावे आणि दोन्ही कानांत इअरप्लग घालावेत. यंत्र नुसते बंद करून कानात ठेवणे हे संरक्षण नव्हे. उघड्या टोकाच्या, म्हणजे कानाची नळी पूर्ण न झाकणाऱ्या यंत्रातून आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत जातो. बरेच जण 'यंत्राविना ऐकू कसे येणार' म्हणून बिचकतात, पण तिथे साऱ्या सभागृहासाठी आवाज वाढवण्याचे काम आधीच झालेले असते. 'आमच्या पिढीने कधी कान झाकले नाहीत' असे वडील म्हणाले, तर द हू या रॉक बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड वर्षानुवर्षे कानातल्या गुणगुणीबद्दल बोलत आले आहेत आणि एसी/डीसी बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला, हे सांगावे. माझे सांगणे न ऐकणारे रुग्णही या दोघांचे ऐकतात!

उत्तर ३

मला वडिलांची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. दिवे मालवले की पहिल्या सुरासरशी अख्खी मोकळी जागा एकदम दोन पावले पुढे सरकते. छातीत ड्रम वाजतो, शेजारचा अनोळखी माणूस तीच ओळ गात असतो. खुर्चीत हे मिळत नाही, आणि आवाज नेमका आहे म्हणून त्याची भरपाईही होत नाही. त्यांचा हट्ट पोरकट ठरवू नका.

परंतु त्या दोन पावलांतच धोकाही आहे. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून अधिक माणसे झाली की आपण कुठे सरकायचे हे आपल्या हातात राहत नाही, गर्दी नेईल तिकडे जावे लागते, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तोल सावरायला जागाच उरत नाही. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटीत द हूच्या कार्यक्रमाआधी, राखीव जागा नसल्यामुळे पुढे पोचण्यासाठी दारांशी झालेल्या रेटारेटीत ११ जण दगावले. आज व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे, तरी स्टेजपुढच्या बॅरिकेडपाशी (अडथळ्यापाशी) सापडलेल्या माणसाला पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जायला बाहेर पडणे तेव्हाइतकेच अवघड आहे. उभेच राहायचे तर मोकळ्या जागेच्या मागच्या कडेला, डेस्कच्या कठड्याजवळ राहावे. तिथे गर्दी विरळ असते आणि टेकायला आधार मिळतो. मात्र दोन तास टेकून काढणे त्यांना जमेल का, हे तुम्हालाच ठाऊक.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी बाबांनाच वाचायला दिला. गुडघ्यांचा परिच्छेद त्यांनी भरभर ओलांडला, पण डेस्कचा मुद्दा दोनदा वाचला आणि डेस्कमागच्या खुर्च्यांना होकार दिला. त्यांच्या दोन शंका मात्र उरल्या आहेत: इअरप्लगने झांजांची झळाळी जाणार नाही का, आणि पुढचे लोक उभे राहिले तर त्यांना दिसणार काय?

उत्तर २ मधील सदस्य

झांजांबद्दलची शंका अगदी रास्त आहे. फोमचे साधे प्लग उंच सूर जास्त कापतात, त्यामुळे सगळे गोधडीआडून आल्यासारखे वाटते. संगीतासाठी बनवलेले, फिल्टर असलेले प्लग साधारण १५ ते २० डेसिबल, पण बऱ्यापैकी समान प्रमाणात कमी करतात. ते आधी घरी घालून, त्यांच्याच आवडीची रेकॉर्ड लावून पाहावेत. घालताना विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा, म्हणजे कानाची नळी सरळ होते आणि प्लग नीट बसतो. अर्धवट बसलेला प्लग जवळपास निरुपयोगी असतो.

उत्तर १ मधील सदस्य

दिसण्याचा उपाय तिकीट काढतानाच करता येतो. आसनांच्या नकाशावर डेस्कमागचा विभाग शोधा आणि त्यातली अशी रांग निवडा, जिच्या पुढे आडवी वाट किंवा कठडा आहे. तिथे समोर उभे राहायला कोणी नसते. दोन्ही खुर्च्या त्या रांगेच्या कडेच्या घ्या आणि तुम्ही त्यांच्या डाव्या हाताला बसा, म्हणजे यंत्र काढल्यावरही दोन गाण्यांच्या मध्ये तुमचे बोलणे त्यांना कळेल.