वायपर्स ऐकावेत ते वायपर्ससाठीच : ऐंशीच्या दशकातील अल्पपरिचित पंक बँडविषयी

दुसरी_बाजू (धागाकर्ता)

ऐंशीच्या दशकातील एखाद्या अल्पपरिचित पंक बँडचे नाव मी काढले की समोरून एकच प्रश्न येतो : 'त्यांचा प्रभाव कुणावर पडला?' उत्तरात कर्ट कोबेनच्या निर्वाणा या जगप्रसिद्ध रॉक बँडचे नाव आले तर ऐकणाऱ्याचे समाधान होते, आणि न आले तर विषय तिथेच मिटतो. या बँडवर प्रेम करणारे आम्ही लोकही याला तितकेच जबाबदार आहोत, कारण त्यांची बाजू मांडताना आम्ही सर्वांत आधी नंतरच्या प्रसिद्ध माणसाची साक्ष काढतो. माझे म्हणणे असे आहे की ही साक्ष काढणे आता थांबवावे. कुणाचे पूर्वसूरी म्हणून नव्हे, तर त्यांनी स्वतः जे घडवले त्यासाठी हे बँड ऐकले पाहिजेत.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील पोर्टलंडचा वायपर्स हा बँड घेतो. त्याचा गायक-गिटारवादक ग्रेग सेज शाळेत असतानाच त्याच्या घरी तबकडी कोरण्याचे यंत्र होते, कारण वडील प्रसारणाच्या व्यवसायात होते. रेडिओवरची गाणी तो त्यावर उतरवून घेई आणि कोरलेल्या खाचा तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत बसे. पुढे बँड काढला तेव्हा त्याचा मूळ बेत 10 वर्षांत 15 अल्बम काढण्याचा होता, आणि तोही दौरे किंवा जाहिरात न करता, म्हणजे लोकांनी बँडला पाहायला नव्हे तर फक्त तबकडी ऐकायला यावे अशा इच्छेने. तो बेत तडीस गेला नाही. मात्र ज्या माणसाने लहानपणी ध्वनी खाचेच्या रूपात पाहिला होता, त्याने तबकडीलाच संपूर्ण कलाकृती मानले, हे 1981 च्या 'यूथ ऑफ अमेरिका' या अल्बममध्ये स्पष्ट ऐकू येते. त्या काळी अमेरिकेतील पंक गाणी दिवसेंदिवस आखूड आणि वेगवान होत होती. सेजने मुद्दाम उलट दिशा धरली आणि शीर्षकगीत 10 मिनिटांपलीकडे नेले. बेस आणि ड्रम एकच चाल धरून पुढे पुढे जात राहतात, गिटारचा आवाज त्यांच्यावर वादळासारखा चढतो, मध्येच ओसरतो, सेज गाणे सोडून बोलू लागतो, आणि मग सारे पुन्हा उसळून वर येते. हे ऐकताना मला कोबेनची आठवण एकदाही होत नाही, आणि व्हावी असे वाटतही नाही.

निर्वाणाने वायपर्सची जी दोन गाणी वाजवली, 'डी-7' आणि 'रिटर्न ऑफ द रॅट', ती दोन्ही 1980 च्या पहिल्या अल्बममधील आहेत. माझ्या परिचयातील बहुतेक रसिक तेवढी ऐकून थांबले. पूर्वसूरी हे बिरुद चिकटले की असे होते, म्हणून मला त्याविरुद्ध एवढ्या आग्रहाने लिहावेसे वाटले.

उत्तररंग

लेख मनापासून लिहिला आहे, हे मान्य करून मी पूर्ण विरोध नोंदवतो. पूर्वसूरी हे बिरुद आपल्याला ओझे वाटते, पण पुष्कळ बँडच्या बाबतीत तोच जगण्याचा आधार ठरला आहे.

लंडनच्या द रेनकोट्स या बँडचे उदाहरण पाहा. 1979 चा पहिला अल्बम आणि 1981 चा 'ओडिशेप' यांत व्हायोलिन, अडखळत चालणारे ताल आणि एकमेकींच्या शेजारून जाणारे आवाज यांची जी वीण आहे, तशी मी दुसरीकडे ऐकलेली नाही. तरीही नव्वदीच्या सुरुवातीला या तबकड्या बाजारात मिळत नव्हत्या. 1992 मध्ये कर्ट कोबेन लंडनला असताना त्यांचा पहिला अल्बम शोधत फिरला, आणि तो शोध त्याला बँडमधील आना दा सिल्वा काम करत असलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानापर्यंत घेऊन गेला. त्यानंतर 1993 मध्ये अल्बम पुन्हा निघाले आणि पहिल्याच्या वेष्टनावर कोबेनचा मजकूर होता. त्या प्रसिद्ध माणसाची साक्ष कुणी काढलीच नसती, तर रेनकोट्सना 'त्यांच्यासाठी' ऐकायला आपण तबकडी कुठून आणली असती?

शिवाय प्रभाव ही संगीताबाहेरची गोष्ट नाही. एका गिटारवादकाने दुसऱ्याकडून काय उचलले हे कळले की दोघांचेही अधिक ऐकू येते. आपल्याकडे गाणाऱ्याचे घराणे विचारतात, तेव्हा त्या गायकाला कुणी कमी लेखत नाही.

सांजवेळ

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो थोडा कठोर वाटेल. या काळातील बहुतांश अल्पपरिचित पंक संगीत अल्पपरिचित राहिले ते योग्यच झाले, असे मला वाटते. मी हे न ऐकता म्हणत नाही. या काळातील संग्रह मी एकामागून एक ऐकले आहेत. मिनिटभराची गाणी, एकच वेग, एकच आरडाओरडा, आणि शब्द कळू नयेत असे ध्वनिमुद्रण. स्वतः पैसे जमवून, स्वतः वेष्टने दुमडून, चिकटवून तबकडी काढणे हे धैर्याचे काम आहे, आणि त्या धैर्याचा मला आदर आहे. मात्र धैर्याचा आदर करणे आणि संगीत श्रेष्ठ मानणे या दोन गोष्टी चाहते सतत एकमेकींत मिसळतात. 'यूथ ऑफ अमेरिका' चांगले असेलही. परंतु वायपर्ससारखा अपवाद पुढे करून आपण साऱ्या ढिगाची बाजू मांडत आहात.

दुसरी_बाजू

सांजवेळ, ढिगाची बाजू मी मांडलेली नाही. आपण म्हणता तशा तबकड्या माझ्याकडेही आहेत आणि त्या मी क्वचितच लावतो. पण 'मिनिटभराची गाणी' हा दोष म्हणून लिहिलात, तिथे मला थांबावे लागले, कारण मिनिटमेन हा बँड त्याच मिनिटभरात काय काय करतो ते ऐकण्यासारखे आहे. सॅन पीड्रो या बंदराच्या गावातील डी. बून आणि माइक वॉट हे बालमित्र, आणि त्यांच्यासोबत ड्रमवर जॉर्ज हर्ली. 1984 चा 'डबल निकल्स ऑन द डाइम' हा दोन तबकड्यांचा अल्बम आहे आणि त्यात 40 हून अधिक गाणी आहेत. त्यात फंक आहे, जॅझ आहे, लोकगीताच्या वळणाची एकट्या गिटारची रचना आहे, आणि व्हिएतनामपासून घरभाड्यापर्यंतचे विषय आहेत. बूनची गिटार मुद्दाम पातळ आणि तीक्ष्ण ठेवलेली आहे, जेणेकरून वॉटच्या बेसला खालची सगळी जागा मोकळी मिळावी. तिघांपैकी कुणी कुणाच्या पुढे उभा राहू नये, हा त्यांच्या राजकारणाचा आग्रह त्यांनी ध्वनीच्या वाटणीतच उतरवला होता. गाणे आखूड आहे, कारण सांगायचे ते सांगून झाले की ते थांबतात.

22 डिसेंबर 1985 रोजी ॲरिझोनात गाडीच्या अपघातात बून गेला. तो 27 वर्षांचा होता. ही तारीख आली की मी त्या अल्बमची एखादी बाजू लावतो.

ध्वनिमुद्रणाबद्दल एवढेच सांगतो की प्रत्येक कल्लोळ हा निष्काळजीपणा नसतो. बॉस्टनच्या मिशन ऑफ बर्मा या बँडमध्ये मार्टिन स्वोप हा चौथा गडी ध्वनिनियंत्रणाच्या टेबलापाशी बसून, मंचावर चाललेले वादन टेपवर पकडून, त्याचे रूप पालटून पुन्हा त्याच वादनात सोडत असे. 1982 च्या 'व्हर्सस' या अल्बममध्ये जो आवाज गढूळ वाटतो, तो रचलेला आहे. त्या आवाजाची किंमतही त्यांनी मोजली. बँडचा गिटारवादक रॉजर मिलर याच्या कानात सतत घणघण सुरू झाली आणि 1983 मध्ये बँड थांबवावा लागला.

उत्तररंग, आपल्या रेनकोट्सच्या उदाहरणाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कोबेनने दार उघडले हे खरे आहे. पण ज्याने दार उघडले त्याच्याकडेच पाहत उंबरठ्यावर उभे राहणाऱ्यांविषयी माझी तक्रार आहे. घराण्याचा दाखला मात्र मला उलटा वाटतो. आपण शिष्याची ओळख गुरूवरून सांगतो. इथे गुरूचे मोल शिष्याच्या खपावरून ठरवले जात आहे.

नदीकाठ

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे, म्हणूनच त्यांची यादी वाचून मला खंत वाटते. पोर्टलंड, सॅन पीड्रो, बॉस्टन. तिन्ही अमेरिकेतील आणि तिन्ही पुरुषांचे बँड. प्रसिद्धांच्या वंशावळीतून बाहेर पडायचे म्हणता आणि त्याच वंशावळीने मान्य केलेली नावे घेता. या तिघांवर आज पुरेसे लिहिले गेले आहे.

इंग्लंडच्या पॉयझन गर्ल्स या बँडमध्ये गाणारी व्हाय सबव्हर्सा 1935 साली जन्मलेली, दोन मुलांची आई होती. म्हणजे 1980 मध्ये 'पर्सन्स अननोन' हे गाणे निघाले तेव्हा ती 45 च्या घरात होती. पंक म्हणजे पोरांचा राग, ही समजूत तिचा खरखरीत, अनुभवाने जड झालेला आवाज ऐकल्यावर टिकत नाही. घर, मुले, शरीर, सत्ता या गोष्टींवर ती ज्या अधिकाराने गाते, तो विशीतल्या कुठल्याही गायकाकडे असणे शक्य नव्हते. स्वित्झर्लंडमधील झुरिचचा लिलिपुट हा बायकांचा बँड मुळात क्लीनेक्स या नावाने सुरू झाला होता. ते कागदी रुमालाच्या ब्रँडचे नाव असल्यामुळे कायदेशीर कारवाईच्या भीतीने त्यांना ते सोडावे लागले. 1980 च्या 'डी मात्रोझेन'मध्ये ध्रुवपदाच्या जागी त्या चक्क शिट्टी वाजवतात, आणि ती शिट्टी ऐकून माझी मुलगी पहिल्यांदा माझ्या खोलीत 'हे काय आहे' असे विचारत आली. ती पाच वर्षांची होती. तिला प्रभाव वगैरे काही ठाऊक नव्हते.

उत्तररंग

नदीकाठ यांचा प्रतिसाद वाचून मी रात्री 'पर्सन्स अननोन' ऐकले. आवाजाविषयी त्यांनी लिहिलेले अक्षरशः खरे आहे. तरी माझा प्रश्न कायम आहे. ते गाणे क्रास या अधिक नावाजलेल्या बँडच्या गाण्यासोबत एकाच तबकडीवर निघाले होते, आणि ज्यांनी ते ऐकले त्यांपैकी पुष्कळांनी क्राससाठीच ती तबकडी घेतली असणार. मोठ्या नावाच्या सोबतीने पोहोचणे हे नंतरच्या काळाने लादलेले नाही. ते त्या काळातही होतेच.

दुसरी_बाजू

नदीकाठ, आपली खंत रास्त आहे आणि मी ती स्वीकारतो. मी सोपी नावे घेतली.

उत्तररंग, आता ज्याला कुणी मोठा सोबती नव्हता अशा तबकडीविषयी लिहितो. 1983 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये 'डीडीआर फॉन उन्टेन' नावाची तबकडी निघाली. तिच्यातील दोन्ही बँड पूर्व जर्मनीतील होते आणि मुद्रित फिती सीमेपलीकडे चोरून न्याव्या लागल्या होत्या. एर्फुर्टजवळच्या गावातील श्लाइमकाइम हा बँड तिच्यावर दुसऱ्याच नावाने आहे, कारण खऱ्या नावाने येणे धोक्याचे होते. तरीही श्टाझी या पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांना सुगावा लागला. दुसऱ्या बाजूवरील बँडमध्ये साशा अँडरसन हा कवी होता, आणि तो श्टाझीचा खबऱ्या होता, हे बर्लिनची भिंत पडल्यानंतर उघड झाले. या बँडपासून जगप्रसिद्ध असे काहीही निघाले नाही. प्रभावाच्या कसोटीवर या तबकडीचे मोल शून्य ठरते. पण ती लावली की गिटारच्या त्या कोंदट, घाईघाईने पकडलेल्या आवाजात मला एक बंद खोली ऐकू येते. गाणारे आपल्यातच कोण बसले आहे हे न जाणता गात आहेत. हे मी कुठल्या वंशावळीत बसवू?

सांजवेळ

ही शेवटची तबकडी मी ऐकलेली नाही, म्हणून तिच्याविषयी काही म्हणत नाही. पण आपण वर्णन केलेत ते पुन्हा परिस्थितीचे आहे, चालीचे नाही, आणि माझा मूळ आक्षेप तोच होता.

'यूथ ऑफ अमेरिका' मात्र हेडफोन लावून तीनदा ऐकले. पहिली चार-पाच मिनिटे विलक्षण आहेत. मधला बोलण्याचा भाग मला तिन्ही वेळा लांबलेला वाटला, आणि तिथे संपादकाची कात्री हवी होती असे माझे मत आहे. त्याच ओघात 1983 चा 'ओव्हर द एज' ऐकला आणि तो मला सरस वाटला. 'डूम टाउन'ची सुरुवातीची थरथरती गिटार मी दोन दिवस गुणगुणतो आहे. सेजला लांबी मानवत नाही, त्याला आटोपशीरपणा मानवतो, असे मी म्हणेन. आपण हे मान्य करणार नाही, हे मला ठाऊक आहे.

दुसरी_बाजू

मान्य करणार नाहीच. मधला तो भाग रात्री, सगळे दिवे मालवून, स्पीकरवर एकदा ऐका. हेडफोनमध्ये त्या आवाजाला मागे सरायला जागाच मिळत नाही.