मदत हवी आहे: देवराईसाठी सामूहिक वनहक्काचा दावा

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं आमचं गाव म्हादई अभयारण्याला लागून आहे. मार्च २०२३ च्या वणव्यात वरचा डोंगर पेटला. दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेत राख बाजूला सारली, तर खालची माती अजून गरम होती. देवराई तेवढी वाचली, आणि तिच्यातली झरही.

आता २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेतून सामूहिक वनसंपत्तीचा दावा करायचा आहे, म्हणजे राखणीचा अधिकार गावाकडे येईल. अडचण पुराव्याची. नियम १३ नुसार वडीलधाऱ्यांची लेखी जबानी चालते. आमचे जाणते आता मोजकेच उरलेत, म्हणून घाई. जबानीसोबत सीमेचे दगड, देवराईतली जत्रेची जागा एवढं पुरतं का? जुने पोर्तुगीज कागद कोण वाचून देईल? असा दावा केलेल्यांनी कृपया सांगा.