ऑक्टोनॉट्सच्या समुद्रात माणूस का नाही?

खाडीकाठची
भाच्यामुळे 'ऑक्टोनॉट्स' बघायला लागले. आता तो घरी नसला तरी बघते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही २०१० साली ब्रिटनच्या सीबीबीज वाहिनीवर सुरू झालेली लहान मुलांची ॲनिमेशन मालिका. कप्तान ध्रुवीय अस्वल, औषधपाणी बघणारा पेंग्विन, शास्त्रज्ञ म्हणजे समुद्री पाणमांजर आणि चाचेगिरीच्या बढाया मारणारा एक बोका. पाण्याखाली त्यांचा अड्डा. अकरा-बारा मिनिटांच्या भागात कुणीतरी संकटात सापडतं, हे सोडवायला जातात आणि शेवटी त्या प्राण्याची माहिती गाण्यातून येते.

आवडण्याचं कारण सांगते. प्राण्यांच्या बऱ्याच मालिकांत प्राणी नुसते नावाला असतात, आत शाळेतलीच पोरं. टाय लावलेला ससा, दप्तर घेतलेली खार. इथे गोष्ट प्राण्याच्या शरीरातून निघते. व्हेल शार्क एवढं मोठं तोंड घेऊन फिरतो, पण खातो पाण्यातून गाळलेलं बारीकसारीक, म्हणून त्याच्या तोंडाशी गेलेल्याची भीती वेगळी असते. अंगावर स्पंज आणि शेवाळ चिकटवून दिसेनासा होणारा खेकडा, संकट आलं की पुन्हा बाल्यावस्थेत जाणारी जेलीफिश, हे सगळं खरंखुरं आहे. ब्लॉबफिशसारख्या ओबडधोबड माशालाही त्यांनी नायकाचा मान दिलाय.

तर तक्रार ही की या समुद्रात माणूसच नाही. मी पाहिलेल्या भागांत प्राण्यांवर संकट येतं ते वादळाचं, नाहीतर कुणी दगडांत अडकतं, कुणी वाट चुकतं. दोष कुणाचाच नसतो. आणि आपण हे बघतो मुंबईत. इथे जुलैच्या मोठ्या भरतीला समुद्र आपलाच कचरा मरीन ड्राइव्हवर आणून टाकतो. २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं काढून दुसरीकडे लावली. वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत बसणारे जीव आहेत ते! असा भाग मालिकेत असता तर प्रवाळाला हलवायची वेळ कुणी आणली हे सांगायला एक तरी माणूस लागला असता. कुणाला असंच वाटतं का?

दादरचे_आजोबा
नाही वाटत. माझा नातू पाच वर्षांचा आहे. अमुक जगबुडी, तमुक प्रदूषण हे त्याला शाळेत आणि बातम्यांत मिळणारच आहे. आधी त्याला समुद्राचं वेड लागू दे की. जे आवडलंच नाही त्याच्यासाठी कोण भांडेल? तुम्ही मोठ्यांच्या डोळ्यांनी बघताय, म्हणून तुम्हाला आरोपी हवाय.

प्रयोगवही
शाळेत विज्ञान शिकवते. दोघांशीही असहमत.

माणूस नाही ही अडचण दुय्यम आहे. त्या समुद्रात *भूक* नाही. अस्वल सील खातं, पाणमांजर समुद्री साळिंदर (काटेरी सी-अर्चिन) फोडून खातं, आणि इथे ही मंडळी बिस्किटं आणि समुद्रशेवाळाचे केक खाऊन राहतात. शरीररचना बरोबर, अन्नसाखळी गायब. (अस्वल उत्तरेचं, पेंग्विन दक्षिणेचा, हे जाऊ दे. कथेसाठी तेवढं चालतं.) अधूनमधून कुणी शिकारी येतो, पण बहुतेकदा शेवटी गैरसमज दूर होतो. समुद्रात गैरसमज नसतात हो.

दुसरं म्हणजे वाचवण्याची सवय. दर भागात कुणीतरी हतबल आणि हे धावून जाणारे. ऑगस्टमध्ये जुहूला किंवा गिरगावला निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल (जेलीफिशसारखे जीव) वाळूवर येऊन पडतात. मालिका बघणारं मूल त्याला 'बिचारा' म्हणून उचलून पाण्यात सोडायला जाणार. मेलेल्या ब्लू बॉटलचे तंतूही डंख करतात. बऱ्याच प्राण्यांना सगळ्यात मोठी मदत म्हणजे हात न लावणं. त्याचा भाग कसा करणार? अकरा मिनिटं कप्तान नुसता उभा?

खाडीकाठची
@प्रयोगवही, भुकेचा मुद्दा पटला. हात न लावण्याचा अर्धाच. धोकादायक प्राणी ओळखायला ही मालिका शिकवतेच की. २०१३ च्या विसर्जनाला गिरगावात पाकटांनी कितीतरी लोकांना काटे मारले तेव्हा लोक म्हणाले, मासे चवताळले. पाकट वाळूत पुरून बसतं, वर पाय पडला की शेपटी मारतं. एवढं भाच्याला कळतं, तिथल्या मोठ्यांना कळत नव्हतं.

@आजोबा, आरोपी नकोय. कारण हवंय. पाच वर्षांचं पोर दिवसातून पन्नासदा 'का' विचारतं.

लोकल_नऊबारा
भूक दाखवायची तर बोक्याने पहिल्याच भागात अर्धी टीम संपवली असती. मालिका बंद.

बांद्रा_ईस्ट
मला वेगळंच खुपतं. आमच्या सोसायटीतली पोरं नार्व्हालच्या (उत्तरेकडच्या लांब दाताच्या देवमाशाच्या) दाताची लांबी सांगतात. ठाण्याच्या खाडीत चिखलावर उड्या मारणारी निवटी एकाने ओळखली असेल तर शपथ. मासा असून पाण्याबाहेर श्वास घेतो, डोळे डोक्याच्या वर, परांनी चालतो. कार्टूनवाल्याला याहून काय पाहिजे? ओहोटीला कार्टर रोडच्या खडकांत जा, रंगीत झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले जीव) आहेत, समुद्री गोगलगायी आहेत. त्यापेक्षा समुद्र म्हणजे कुठेतरी लांब, निळा आणि इंग्रजी बोलणारा, हे पोरांच्या मनात पक्कं होतंय.

दादरचे_आजोबा
मग खडकांत घेऊन जा की पोरांना. त्यासाठी मालिकेला कशाला धरता? नातवाने नार्व्हाल पाहिला म्हणूनच तो मला शिवाजी पार्कच्या मागे किनाऱ्यावर ओढत नेतो. तिथे त्याला चिंबोरी दिसते. तो खूश, माझे गुडघे नाखूश.

वरळीचा_नाखवा
खाडीकाठची ताई, माझं मत तुमच्या बरोबर उलट आहे. त्यात माणूस नाही हे आमचं नशीब. आलाच असता तर कोण आला असता सांगू? होडीवाला. जाळं टाकणारा, दाढी वाढलेला, 'हा हा हा' हसणारा. समुद्रात भराव घालणारा कधीच नसता आला. त्याचं ऑफिस असतं, आणि ऑफिसचं कार्टून कोण काढतो?

आमच्या बंदराजवळ त्याच कोस्टल रोडचा पूल झाला. दोन खांबांत ६० मीटर ठेवणार होते. भरतीला, वाऱ्यात तिथून होडी काढून दाखवा म्हटलं. किती वर्षं ओरडलो तेव्हा २०२२ ला १२० वर आले. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला ओढून बसतो, माशांची पैदास व्हावी म्हणून. हे बसणं कुठल्या मालिकेत दाखवलंय? शहरातली माणसं समुद्र वाचवायला निघाली की पहिला आमचा गळा धरतात. पोरांना तरी ते शिकवू नका.

प्रयोगवही
नाखवा, खांबांचं शंभर टक्के मान्य. पण बंदी संपल्यावर बाजारात हाताच्या तळव्याएवढी पापलेटं येतात ती कुठून? २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटर. म्हणजे नियम आहे. जाळ्याचा आस (भोकांचा आकार) मोठा ठेवायचा की नाही हे ऑफिसवाला नाही ठरवत.

वरळीचा_नाखवा
एलईडीच्या उजेडाने मासे गोळा करून आणि पर्ससीनचं भलंमोठं घेरजाळं टाकून ओरबाडतात ते वेगळे, आमची छोटी होडी वेगळी. दोघांना एका माळेत ओवू नका. आणि बारकं पापलेट विकलं जातं कारण मागणी आहे. ताटात अख्खं मावेल असं द्या, हे आम्हाला हॉटेलं सांगतात. मोठं दाखवलं की गिऱ्हाईक भाव ऐकून पुढच्या टोपलीकडे सरकतं. मालिकेत माणूस घालायचाच आहे ना, तर आधी तो पिशवी घेऊन आलेला घाला.

लोकल_नऊबारा
पिशवी घेऊन आलेला इथे हजर आहे. रविवारी बारकीच घेतली होती. स्वस्त होती.

बांद्रा_ईस्ट
@नाखवा, गिऱ्हाईकाचं बरोबर. पण पर्ससीनवालेही हेच म्हणतात की मागणी आहे.

खाडीकाठची
नाखवा, पिशवीवाला घालू, मीही त्यातलीच. पण मग पुलाचा नकाशा काढणाराही त्याच भागात हवा. तुम्हीच म्हणता त्याचं कार्टून कुणी काढत नाही, आणि माणूस नको म्हटलं की सगळ्यात आधी तोच सुटतो. होडीवाल्याला खलनायक करतील ही भीती खरी आहे, म्हणून समुद्र रिकामा दाखवायचा हे मला अजूनही पटत नाही.