चिनी घरांतले म्हातारपण: वृद्धाश्रमाला नकार नेमका कशामुळे?

निशिगंधा (धागालेखिका):
चिनी माणसाला वृद्धाश्रमाची लाज वाटते ती आईवडिलांची सेवा हे मुलांचे कर्तव्य मानणाऱ्या प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीमुळे, असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. मला हे कारण अपुरे वाटते. १९५६ च्या सुमारास सहकारी शेतीच्या काळात, ज्यांना मूलबाळ नाही आणि कमावण्याची ताकदही उरलेली नाही, अशा वृद्धांच्या अन्न, वस्त्र, सरपण आणि अंत्यविधीची हमी गावाने घेतली, आणि वृद्धनिवास उघडले गेले ते त्यांच्यासाठीच. त्यामुळे आज ऐंशीच्या पुढे असलेल्या पिढीच्या मनात वृद्धाश्रम म्हणजे ज्याचे कोणी नाही त्याची जागा. शांघायमध्ये आमच्या शेजारच्या आजी वृद्धाश्रमात गेल्या, तेव्हा जिन्यात भेटेल त्याला त्या ‘थोडे दिवस लेकाकडे जाऊन येते’ असे सांगत होत्या. साठीतला त्यांचा मुलगा पिशव्या घेऊन खाली मान घालून उभा होता. लिफ्ट नसलेल्या सहाव्या मजल्यावर आईला सांभाळणे त्याला आता झेपत नव्हते. हाच मुलगा स्वतःच्या एकुलत्या एक लेकीला मात्र ‘आमच्यासाठी नोकरी सोडू नकोस’ असे बजावतो. ही मधली पिढी लाजेचे ओझे स्वतःपाशीच थांबवते आहे, आणि ते योग्यच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाटसरू:
निशिगंधाताई, आपण शांघायवरून सगळा चीन मोजता आहात. शहरातल्या निवृत्त कामगाराला बरे निवृत्तिवेतन मिळते. खेड्यातल्या शेतकऱ्याचे इतके तुटपुंजे असते, की त्यात वृद्धाश्रमाचा खर्च भागणे शक्य नाही. तिथे लाजेचा प्रश्न नंतरचा. आणि विश्वासाचे काय? मे २०१५ मध्ये हेनान प्रांतातल्या लुशान इथे खासगी वृद्धाश्रमाला आग लागून ३९ जण दगावले. इमारतीचे पत्रे पेट घेणाऱ्या फोमने भरलेले होते. अशा बातम्या वाचून आईला घरीच ठेवणाऱ्या मुलाला जुनाट विचारांचा म्हणणे अन्यायाचे आहे.

गोदातीर:
मला दोघांचेही पटत नाही. आईवडिलांचे करणे हे कर्तव्यच आहे, आणि सोय नाही म्हणून कर्तव्य संपत नाही. चीनच्या सरकारनेही ते मानले आहे: १ जुलै २०१३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने वेगळे राहणाऱ्या मुलांनी वृद्धांना वरचेवर भेटावे असे बंधन घातले, आणि त्याच दिवशी वूशी शहरातल्या न्यायालयाने एका मुलीला ७७ वर्षांच्या आईला दोन महिन्यांतून किमान एकदा भेटण्याचा आदेश दिला.

निशिगंधा:
गोदातीर, हे कर्तव्य आजवर प्रत्यक्षात पार पाडले कोणी, हेही पाहू या. शांघायच्या नियोजनातच ९० टक्के वृद्ध घरी, ७ टक्के वस्तीतल्या सेवांच्या आधाराने आणि ३ टक्के संस्थांत, असे गृहीत धरलेले आहे. त्या ९० टक्क्यांमागे बहुतेक ठिकाणी लेक किंवा सून उभी असते. कामगार स्त्रिया पन्नाशीला निवृत्त होत, म्हणून सासू-सासऱ्यांचे आजारपण निभावत असे. जानेवारी २०२५ पासून त्यांचे निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ५५ कडे सरकते आहे. शिवाय एक-अपत्य धोरणात जन्मलेल्या दोघांचे लग्न झाले, की चार म्हातारी माणसे त्यांच्या वाट्याला येतात. अशा घरात कर्तव्याची भाषा अखेर एकाच बाईच्या कंबरेवर येऊन पडते. वाटसरूंचा पैशाचा आणि सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मला मान्य आहे.

मोहर:
या चर्चेत एक गट राहूनच गेला: ज्यांचे एकुलते एक मूल वारले असे आईबाप. वृद्धाश्रमात प्रवेश घेताना हमीदार म्हणून मुलाची सही मागण्याची पद्धत आहे. पैसे असूनही ही माणसे त्या रकान्यापाशी अडतात. मर्जीतल्या माणसाला लेखी कराराने पालक नेमण्याची सोय तिथल्या नागरी संहितेत आहे. तो करार प्रत्येक वृद्धाश्रमाने सहीच्या जागी स्वीकारलाच पाहिजे, असा नियम आधी व्हावा.