ड्रमहेलर : आधी कोळसा, मग डायनासोर

'पुतळे सोडले तर ड्रमहेलरमध्ये बघायला आहे काय?' असं एकाने विचारलंय, म्हणून हे थोडं. गावभर उभे केलेले ते रंगीत डायनासोर मलाही बटबटीतच वाटतात. पण कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या या गावात कोळसा आणि हाडं एकाच दरडीतली. १८८४ साली भूवैज्ञानिक जोसेफ टिरेल इथे आला तो कोळशाचे थर शोधायला, आणि हाती लागली डायनासोरची कवटी! त्या प्राण्याला १९०५ मध्ये अल्बर्टोसॉरस हे नाव मिळालं. टिरेलच्या नावाचं संग्रहालय १९८५ पासून आहे. त्याला अर्धा दिवस पुरत नाही.

कॅलगरीहून येताना हॉर्सशू कॅन्यन या घळीपाशी थांबाच. करड्या मातीत काळ्या रेघा दिसतात ना, तोच कोळसा, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या दलदलीतला झाडपाला. पाऊस पडून गेला असेल तर मात्र खाली उतरू नका. तिथली बेंटोनाइटची माती भिजली की साबणासारखी होते. आम्ही उतरलो आणि बुटांचे तळवे काडीने खरवडत बसलो.

ड्रमहेलरजवळच्या ईस्ट कूलीची अ‍ॅटलस खाणही बघा. कोळसा चाळून वाघिणीत भरायची तिची उंच लाकडी इमारत अजून उभी आहे.