पारोळा ते भुसावळ स्टेशन, संध्याकाळची गाडी: किती वाजता निघावं?

पारोळेकर
दिवाळीनंतरच्या आठवड्यात आई-वडिलांना नागपूरकडच्या गाडीत बसवायचंय. भुसावळहून सुटायची वेळ १८:४०. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असं कारने जाणार, अंतर ८० किलोमीटरच्या आसपास. नकाशा आत्ता दुपारी पावणेदोन तास दाखवतोय. तासभर जास्त धरला तर पुरेल ना? सोबत तीन बॅगा आहेत.

रस्त्याचं गणित
भाऊ, दुपारचा आकडा संध्याकाळी कामाचा नाही. नकाशात ‘पोहोचण्याची वेळ’ १८:१० टाका, वार तोच निवडा. तो एक आकडा न देता ‘एवढ्यापासून एवढ्यापर्यंत’ असं दाखवतो. त्यातला मोठा आकडा धरायचा. सरासरी धरली तर निम्म्या वेळा उशीरच होणार.

दुसरं म्हणजे हा उशीर ८० किलोमीटरभर पसरलेला नसतो. जळगाव शहराजवळ बांभोरीचा गिरणा पूल ते अजिंठा चौक एवढ्यातच तो साचतो. खोटेनगर, आकाशवाणी, इच्छादेवी या पट्ट्यात लांबची वाहतूक आणि गावातल्या दुचाकी-रिक्षा एकत्र येतात. समजा चौकातून तासाला १००० गाड्या सुटू शकतात आणि पाच वाजल्यापासून १२०० च्या वेगाने यायला लागल्या. साडेपाचला १०० गाड्यांची रांग, शेवटच्याला ६ मिनिटं थांबणं. त्यानंतर येणाऱ्या ८०० वर उतरल्या तरी ती रांग संपायला आणखी अर्धा तास जातो. म्हणून पावणेसहाला ‘आता गर्दी कमी झाली असेल’ म्हणून आलेला माणूसही अडकतो. असे चौक एकामागून एक आहेत, हे विसरू नका.

कापूसपट्टा
त्यात कापसाचा हंगाम. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या कोष्टकात, एक वाहन किती कारइतका रस्ता अडवतं या मापात, ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणजे ४.५ कार, बैलगाडी म्हणजे ८ आणि दुचाकी अर्धी. तेही मोकळ्या रस्त्याचं माप. हिरवा दिवा लागल्यावर भरलेली ट्रॉली हलेपर्यंत मागच्यांची पाळी निम्मी संपलेली असते. एरंडोलच्या पुढे अशा दोन ट्रॉल्यांच्या मागे लागलात तर ओव्हरटेकची घाई करू नका, तो वेळ हिशेबातच धरा.

पारोळेकर
मग नेमकं किती वाजता निघू?

रस्त्याचं गणित
उलटं मोजा. गाडी १८:४०. ज्येष्ठांना पादचारी पूल, सामान, डबा कुठे लागतो ते बघणं, यासाठी ३० मिनिटं, म्हणजे स्टेशनच्या दारात १८:१०. नकाशाचा मोठा आकडा २ तास आला असं धरलं तर १६:१०. पंक्चर, पेट्रोल, वडिलांचा चहा यासाठी आणखी ३० मिनिटं. निघायचं १५:४० ला.
यात खरी कमाई त्या अर्ध्या तासाची नाही. १५:४० ला निघालं की जळगावचा पट्टा पाचच्या आत पार होतो, म्हणजे उशीर मुळात लागतच नाही. तोच अर्धा तास १६:१० ला निघून वाटेत भरून काढू म्हणाल तर जमत नाही.
पाळधीहून तरसोदला निघणारं बाह्यवळण शहरातले चौक टाळतं. मात्र त्या दिवशी ते नकाशावर खुलं दिसलं तरच पाळधीला वळा. पुढे गेल्यावर मागे फिरणं महागात पडतं.

सुरत लाईन
रस्त्यानेच का पण? पारोळ्याहून अमळनेर जवळ आहे. तिथून धरणगाव, पाळधीमार्गे जळगावला रेल्वेने उतरा आणि नागपूरची गाडी जळगावलाच पकडा, भुसावळला कशाला जाता? अट एवढीच की ती गाडी जळगावला थांबत असावी आणि तिकीट जळगावपासूनचं असावं. भुसावळपासूनचं तिकीट असेल तर जळगावला चढता येत नाही, बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्टेशन, फक्त पुढच्या स्टेशनवर बदलून मिळतं.
पॅसेंजर मात्र एक्स्प्रेससाठी बाजूला काढतात, आऊटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नललाही उभी राहते. दोन गाड्यांत निदान दीड तास ठेवा, नाहीतर कारच बरी.

पारोळेकर
तिकीट अजून काढलेलं नाही, म्हणजे जळगावचंच काढतो. पण तिथेही कारनेच जाईन, तीन बॅगा घेऊन गाडी बदलणं आईला झेपणार नाही.

कापूसपट्टा
मग अजिंठा चौकापर्यंत जायचं कामच उरलं नाही. पण गाडी जळगावला भुसावळच्या आधी येते, तुमची १८:४० ती नव्हे. जळगावची वेळ बघून सगळं पुन्हा उलटं मोजा.