बोट नाही, जमीन लागली: क्रूझ संपल्यानंतरच्या दिवसाचे अनुभव

गंगापूर रोड

जानेवारी २०२५ मध्ये सासूबाई-सासऱ्यांना घेऊन आम्ही मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला गेलो. ट्रिप छान झाली. अगत्तीचं पाणी बघून सासूबाई लहान मुलीसारख्या हरखल्या होत्या. चुकलं ते शेवटच्या दिवसाचं नियोजन, आणि ते माझं होतं.

शेवटच्या रात्री बॅगा भरून, टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. ते करता करता अकरा वाजले. पहाटे बोट मुंबईला लागताना बघायची म्हणून दोघं चारलाच उठून डेकवर गेले. नाश्त्याला गर्दी होती, सासूबाईंनी नुसता चहा घेतला. साडेनऊला बॅलार्ड पिअरला उतरलो, बाहेर गाडी उभीच होती. दुसऱ्या दिवशी मला ऑफिस होतं, म्हणून थेट नाशिक. समृद्धीचा आमणे ते इगतपुरी टप्पा त्या जूनमध्ये सुरू झाला, म्हणजे आमच्या वाट्याला जुना कसारा घाटच. घाटात सासूबाईंना तीनदा उलटी झाली. घरी आल्यावर पलंगावर बसल्या आणि दोन्ही हातांनी गादीची कड घट्ट धरून म्हणाल्या, "अगं, हे हलतंय." दोन दिवस त्या भिंत धरून चालत होत्या. समुद्रात पाच दिवस बोट लागली नाही, आणि घरी येऊन जमीन लागली.

मला लागलं ते वेगळंच. शेजारच्या काकूंनी ट्रिपचं विचारलं, तर सासूबाईंनी फक्त घाटाचं सांगितलं. अगत्ती मागेच पडलं.

म्हणून विचारते आहे. शेवटची रात्र, उतरायची सकाळ आणि त्यानंतरचा दिवस तुम्ही कसा घालवलात? तेवढंच लिहा, माझ्यासारखंच वर नावाऐवजी नाशिकमधला आपला भाग टाकून. बोटीवरचं जेवण आणि शो यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. माझं मत विचाराल तर उतरल्यावर एक दिवस त्याच गावात काढायला हवा, निदान घरची मोठी माणसं सोबत असतील तेव्हा तरी. पण ते कसं जमवायचं, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे.

टिळकवाडी

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणून आधी सासूबाईंबद्दल.

आपला तोल तीन ठिकाणच्या निरोपांवर सांभाळला जातो: आतला कान, डोळे आणि पायांचे स्नायू-सांधे. बोटीवर दोन-तीन दिवस गेले की मेंदू त्या झोक्याचा हिशोब धरायला शिकतो. म्हणून तिसऱ्या दिवशी बोट लागत नाही. जमिनीवर आल्यावर झोका थांबतो, पण मेंदूचा हिशोब चालूच राहतो. पलंग हलतो तो त्यामुळे. खलाशांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे, वैद्यकात त्याला 'माल द देबार्कमाँ' असं फ्रेंच नाव आहे. बहुतेकांचं काही तासांत, फार तर दोन दिवसांत ओसरतं. महिना उलटून गेला तरी राहिलं, तर मात्र दाखवायला हवं.

यात एक गंमत आहे. असा झोका जाणवणाऱ्या बऱ्याच जणांना चालत्या गाडीत उलट बरं वाटतं आणि गाडी थांबली की तो परत येतो. त्यामुळे सासूबाईंना घाटात झालं ते बहुधा साधं गाडी लागणंच असणार: अपुरी झोप, रिकामं पोट, वर वळणं. ते टाळता आलं असतं. घरी पलंग हलला तो बोटीचा भाग, तो टळला नसता. पण निवांत दिवस मिळाला असता तर त्या घाबरल्या नसत्या. उतरल्यावर मोकळ्या हवेत सपाट जागेवर चालायचं, पाणी प्यायचं, त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नाही. माझ्या पेशंटना मी एवढंच सांगतो.

नाशिकरोड

मी इथल्या प्रेसमधून निवृत्त झालो. देशाचे पासपोर्ट आमच्याकडे छापले जातात, त्यामुळे कागदपत्रांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे असा माझा समज होता.

सिंगापूरहून पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर अशी क्रूझ होती. जाताना विमानतळावरच्या प्रवेशासाठी आम्ही ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरलं होतं. परतीच्या सकाळी मरीना बे क्रूझ सेंटरला उतरलो, तर काउंटरवरच्या मुलीने पुन्हा कार्ड मागितलं. सिंगापूर सोडून पुन्हा सिंगापूरमध्ये येणं म्हणजे नवा प्रवेश. कार्ड नव्याने भरायचं, तेही येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. पैसे पडत नाहीत, पण आम्ही ते भरलंच नव्हतं. सगळे पुढे जात होते आणि आम्ही दोघं कडेला उभं राहून फोनवर पासपोर्ट नंबर टाकत होतो. पत्नीचा हात थरथरत होता, कारण चष्मा मोठ्या बॅगेत गेला होता. पाऊण तासाने सुटलो. व्हिसा मात्र मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा होता, म्हणून निभावलं. शेवटच्या रात्री बॅग भरण्याआधी बोटीच्या वायफायवर हे कार्ड भरून टाका. चष्मा, औषधं, पासपोर्ट, एक जोड कपडे हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत.

पुढचा दिवस मात्र सोन्यासारखा गेला. विमान रात्रीचं होतं. बंदरापासून मरीना साउथ पिअर मेट्रो स्टेशन चालत जाण्यासारखं आहे. आधी थेट चांगी विमानतळावर जाऊन सामान ठेवलं आणि हात मोकळे करून लिटल इंडियात आलो. सेरंगून रोडवरचं वीरमाकालीअम्मन मंदिर बघितलं आणि कोमला विलासमध्ये डोसा खाल्ला. हे हॉटेल १९४७ पासून चालू आहे. बोटीवर सात दिवस काट्या-चमच्याने खाल्लं होतं, तिथे दोघांनी हाताने जेवलो. संध्याकाळी विमानतळालगतच्या ज्युएलमध्ये तो चाळीस मीटरचा धबधबा. पत्नी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पावसाळ्यातला आपल्या सोमेश्वरचा धबधबाच आवडतो मला." मलाही.

इंदिरानगर

बीपीच्या गोळ्या बॅगेत घालून बॅग रात्री बाहेर ठेवली. सकाळी बॅग हाती येईपर्यंत साडेदहा. काही झालं नाही, पण ते चार तास मी फक्त घड्याळ बघत होते. वर नाशिकरोडच्या काकांनी लिहिलंय ते छापून कपाटाला लावा.

मखमलाबाद रोड

माझं मत थोडं वेगळं आहे. दोन लहान मुलं सोबत असतील तर तो जादा दिवस मला नको वाटतो. मुलांना रुटीन हवं असतं, हॉटेलचा खर्च वाढतो, आणि चार बॅगा घेऊन अनोळखी गावात फिरणं म्हणजे आईबापांची दमछाक. आम्ही गोव्याच्या क्रूझवरून आलो ते सरळ घरी. फक्त स्वतःच सामान घेऊन उतरणाऱ्यांची वेगळी रांग असते, ती आधी सोडतात. आम्ही ती घेतली आणि साडेसातला बाहेर होतो. दुपारी घरचा वरणभात. मुलं आजीला बोटीच्या गोष्टी सांगत झोपली. आम्हाला तेच बरं वाटलं.

सातपूर

मी जहाजावर हाउसकीपिंगला आहे, सध्या सुट्टीवर घरी. तुमचा शेवटचा दिवस आमच्या बाजूने कसा असतो ते सांगतो.

त्याला आम्ही टर्नअराउंड म्हणतो. सकाळी तीन हजार माणसं उतरतात आणि दुपारपासून दुसरी तीन हजार चढायला लागतात. मध्ये चार-पाच तास. माझ्याकडे अठरा केबिन असतात. प्रत्येकीतल्या चादरी, टॉवेल, बाथरूम, कचरा, मिनीबार हे सगळं एकच्या आत. त्याच वेळी खालच्या डेकवर हजारो बॅगा निघतात आणि आठवड्याचं धान्य-भाजी चढते. म्हणून आठ वाजता केबिन सोडा असा आमचा आग्रह असतो. कृपया राग मानू नका. आणि निघण्याआधी तिजोरी, उशीखाली आणि चार्जरची जागा बघा. सगळ्यांत जास्त वस्तू तिथेच राहतात.

मागच्या उन्हाळ्यात बार्सिलोनाहून सुटणाऱ्या बोटीवर होतो. एका केबिनमध्ये पुण्याचे आजी-आजोबा होते. मी मराठी आहे हे त्यांना शेवटच्या रात्री कळलं, कॉरिडॉरमध्ये त्यांची बॅग मी सरळ करत होतो तेव्हा. कुठला विचारलं, नाशिक म्हणालो. आजी म्हणाल्या, "सात दिवस आम्ही तुझ्याशी इंग्रजी बोलतोय रे!" सकाळी केबिन उघडली तर टेबलावर चिवड्याचं न फोडलेलं पाकीट आणि बोटीच्याच पेपरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी: "बाळा, जेवत जा वेळेवर. आईला आमचा नमस्कार." पाकिटावर 'नाशिक' छापलेलं होतं.

त्या दिवशी मला दोन तास बाहेर जायला मिळालं. टर्नअराउंडला असं क्वचितच मिळतं. बंदराजवळ तो उंच खांबावरचा कोलंबस आहे, त्याच्या पायथ्याशी बसून आईला फोन लावला. तिकडे साडेअकरा, इथे तीन. पाकीट फोडलं आणि फोनवर बोलत बोलत निम्मं संपवलं. आई विचारत होती, कसला आवाज येतोय.

कॉलेज रोड

बाबा इतिहासाचे शिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी अथेन्स फळ्यावर शिकवलं. २०२२ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू आणि बोलणं गेलं. पुढच्या वर्षी आम्ही त्यांना ग्रीक बेटांच्या क्रूझवर नेलं, कारण व्हीलचेअरवाल्या माणसाला रोज हॉटेल बदलायला न लावता फिरवण्याचा दुसरा मार्ग दिसेना. मध्ये तुर्कस्तानचं एक बंदर होतं, म्हणून ग्रीससाठी लागणारा शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच घ्यावा लागला. हे आधी बघा, नाहीतर परत ग्रीसमध्ये शिरता येत नाही.

उतरताना मदत हवी हे आम्ही दोन दिवस आधी रिसेप्शनवर नोंदवलं. सकाळी एका लाउंजमध्ये बसवलं आणि गर्दी ओसरल्यावर एक मुलगा येऊन खुर्ची थेट टॅक्सीपर्यंत घेऊन गेला. पिरेअस बंदराहून अथेन्स शहरात मेट्रोही जाते, पण सामान आणि खुर्ची मिळून ती हिंमत झाली नाही. दुपारी हॉटेलवर बाबांना झोपवलं. विमान दुसऱ्या दिवशीचं ठेवलं होतं, घाई काहीच नव्हती.

ॲक्रोपोलिसवर, म्हणजे अथेन्समधल्या प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, व्हीलचेअर जात नाही असंच मी धरून चालले होते. पण उत्तरेच्या कड्याला २०२० च्या डिसेंबरात नवी लिफ्ट बसवली आहे आणि वर सिमेंटची वाट केली आहे. हॉटेलच्या बाईंनी फोन करून लिफ्ट चालू असल्याची खात्री करून दिली. हे नक्की करा, कारण जोराचा वारा असला तर ती बंद ठेवतात. संध्याकाळी सहाला आम्ही वर होतो.

तिथल्या पार्थेनॉन मंदिरासमोर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डाव्या हाताने माझी ओढणी ओढली आणि बोटाने खांब मोजायला लावले. समोरचे आठ. मी मोजले, त्यांनी मान डोलावली. वर्गात फळ्यावर ते आठच काढायचे, कोणी सहा काढले तर पुसायला लावायचे.

मग खुर्ची कठड्याकडे वळवली. तिथून थेट समुद्र दिसतो. पिरेअस बंदरातून एक पांढरी बोट बाहेर पडत होती. धुराड्याच्या रंगावरून ओळखली, आमचीच. सकाळपर्यंत आमची केबिन होती तिच्यावर. ती पुढच्या बेटाकडे वळेपर्यंत आम्ही बघत होतो. बाबा म्हणाले, "गेली." स्पष्ट म्हणाले.

त्या दिवशी सकाळीच विमान पकडलं असतं तर हे काहीच झालं नसतं. त्यांना जाऊन आता आठ महिने झाले.

पंचवटी

वरचं वाचून काही वेळ लिहवेना. पण ज्यांना मुंबईतच उतरायचं आहे त्यांच्यासाठी आमचा दिवस सांगते, फार खर्चाचा नाही.

आई आणि मी, गोव्याची क्रूझ. परतीचं तिकीट सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाच्या पंचवटी एक्स्प्रेसचं. बॅलार्ड पिअरहून टॅक्सीने स्टेशन काही मिनिटांवर. सामान तिथल्या क्लोकरूममध्ये ठेवलं. बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट दाखवावं लागतं, म्हणून छोटी कुलपं घरूनच घेऊन जा. मग आईला म्हटलं, आता पाच-सहा तास आपले.

माझे आजोबा रेल्वेत होते. ते सांगायचे, बॅलार्ड पिअरला पूर्वी रेल्वे स्टेशनच होतं. विलायतेची बोट लागायची आणि साहेब लोक उतरून तिथूनच फ्रंटियर मेलने उत्तरेकडे जायचे. आईने ते लहानपणी शंभरदा ऐकलेलं. आदल्या रात्री केबिनमध्ये ती म्हणाली होती, "उद्या मी दादांच्या स्टेशनवर उतरणार." स्टेशन आता नाही, पण बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींमधून आम्ही हळूहळू चाललो. रविवार होता, रस्ते रिकामे, सावली छान. डॉक्टरांनी सांगितलंय तसंच, सपाट आणि मोकळं. आईला थोडं डुलल्यासारखं होत होतं ते तिथेच कमी झालं. नंतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्याचा आणि बॅलार्ड इस्टेटचा वास्तुरचनाकार एकच, जॉर्ज विटेट. गेटवेही त्याचंच. म्युझियमच्या बागेत बाकावर बसून डबा खाल्ला, बोटीवरच्या नाश्त्यातले दोन सफरचंदही होते.

गाडीत आईला खिडकी मिळाली. इगतपुरीला गार वारा आला तेव्हा तिने शाल काढली आणि शेजारच्या बाईंना समुद्राचं सांगायला लागली. नाशिकरोड येईपर्यंत थांबली नाही.

गंगापूर रोड

सगळ्यांचं वाचलं. कॉलेज रोडच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं.

काल संध्याकाळी सासूबाईंना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. डॉक्टरांचं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं तर." आपलं डोकं बिघडलं असं त्यांना वर्षभर वाटत होतं, आणि आम्हाला कोणालाच ते माहीत नव्हतं.

या जानेवारीत पुन्हा जायचं ठरतंय. उतरल्यावर फोर्टमध्ये एक रात्र, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचवटीने परत. ऑफिसची दोन दिवसांची रजा टाकली. मुंबईत कुठे जायचं ते तुम्ही ठरवा म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "राणीच्या बागेत व्हीलचेअर मिळते का गं? यांचे गुडघे दुखतात. आम्ही लग्न झाल्यावर एकदाच गेलो होतो."

कोणाला माहीत असेल तर सांगा.